एक नंबरचा बिल्ला

हवालदार तात्या गल्लीच्या तोंडाशी दिसले की माझी बायको चहाचं पातेलं लपवायची. मिशीला पीळ, पायात पलटणीतले बूट आणि तोंडी एकच वाक्य, "आवं वैनी, च्या टाका की घोटभर." सकाळी आमच्याकडे, दुपारी शेजारी, संध्याकाळी देवळामागच्या आळीत. म्हाताऱ्याला चटक लागली, ही कंडी गावभर मीच पिकवली. नक्कलही करून दाखवायचो, मिशीसकट.

आमचं गाव जतकडचं. पाऊस आला तर वाट चुकूनच. टँकर विहिरीत पाणी ओतायचा आणि तात्या काठावर उभे राहून ते वाटायचे. माणशी एक घागर. तेलाचे डबे कापून त्यांनी पत्र्याचे बिल्ले केले होते, नंबर ठोकलेले. पहिला स्वतःला. घागरीच्या गळ्यात बिल्ला असेल तरच पाणी. बाळ झालं की आईनं विहिरीवर आणून तोंड दाखवायचं, नवा बिल्ला घ्यायचा. माणूस गेलं की बिल्ला परत. "मेल्याला घागर न्हाई," तात्या सांगायचे. आणि बाळाच्या कपाळाला ओलं बोट लावून पुटपुटायचे, "प्वार द्याव देतुय, घागर कोन देनार रं?"

माझी मुलगी मिरजेच्या दवाखान्यात झाली. मी कुपवाडच्या कारखान्यातून थेट विहिरीवर, आणि मोबाइलवरचा फोटो तात्यांच्या नाकासमोर नाचवला.

"फोटूला तान लागती व्हय रं? प्वार आन."

रांग लोटपोट हसली. मीही.

पुढं तोंडं वाढत गेली, टँकर चार दिवसांनी येऊ लागला. विहीर काही वीतभरही वाढली नाही. शेवटी गावसभेनं ठरवलं, आता नवा बिल्ला नाही. त्याच महिन्यात तात्यांची सून सुनंदा बाळंत झाली, आणि थोड्याच दिवसांत तिच्या हातात बिल्ल्याची जादा घागर! मी सोडतो होय?

"तात्या, गावाला नेम आन् घरात नातू?"

रांगेत शिट्ट्या वाजल्या. तात्यांनी मिशी पिळली. "नवा न्हाई काढला, गड्या." कुणी वाकून नंबर पाहिला नाही.

चहाची चटक त्याच उन्हाळ्यातली.

वैशाखात तात्या विहिरीच्या काठावरच कोसळले. अंगात पाणीच उरलं नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. शेवटच्या अंघोळीला सुनंदानं बाळाची घागर आणली. बिल्ल्यावर आकडा होता एक.

"माझ्या घागरीतलं दिलं तरी घ्यायचे न्हाईत," ती म्हणाली. "म्हनायचे, तू अंगावर पाजतीस, तू पी."

घराघरांतून तांबे आले. बायकोनं तेच चहाचं पातेलं भरून आणलं. सुनंदानं दोन तांबे तात्यांच्या अंगावर ओतले आणि हात आवरला. उरलेलं सगळं घागरीत ओतून वर झाकण ठेवलं.

"अगं, घाल की पुरं," मी म्हणालो.

"मेल्याला घागर न्हाई, भावजी. त्येंचाच नेम हाय."

घागर कमरेवर घेऊन ती आत गेली. आत बाळ रडत होतं.