देवाचा उपास, आतड्याचा उपास

निशा सिस्टर खाडीकाठच्या कोन गावची. भिवंडीच्या एका छोट्या दवाखान्यात, मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून तपासतात त्या खोलीबाहेर तिची ड्युटी असते. पोट नीट साफ झालंय की नाही ते बघायचं आणि मगच पेशंटला आत सोडायचं, हे तिचं काम. असं काम कोणी कौतुकाने सांगत नाही. तीही सांगत नाही, पण करताना तिने नाक मुरडलेलं मी पाहिलं नाही.

माझ्या सासूबाईंना, गुणाबाईंना, शौचातून रक्त जात होतं. आतड्यात गाठ असेल अशी डॉक्टरांना शंका होती. अंबाडीहून त्यांना इथवर आणायलाच किती विनवण्या केल्या! "एकदाच येईन, परत न्हाय," असं बजावूनच त्या गाडीत बसल्या.

पोट साफ करायचं औषध आम्ही पहाटेच पाजलं होतं. निशा आधी शेजारच्या बाकावरच्या, यंत्रमाग चालवणाऱ्या लूमवाल्या चाचांना विचारून आली, "काली चाय जैसा, या एकदम फीका?" मग आमच्याकडे वळली.

"आजी, शेवटचं कसं झालं? गोमूत्रासारखं पिवळं, नितळ?"

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. "साफ हाय."

"बरं. आता जाल तेव्हा पाणी टाकू नका, मला हाक मारा."

"अगो, पोरीची जात तू! माझं काय बघतेस?"

"बघायचाच पगार देतात मला, आजी."

तिने बघितलं. हात धुऊन आली आणि हळूच म्हणाली, "काल काय खाल्लं?"

"काय न्हाय. उपासच धरला. एकादशी पण होती. साबुदाण्याची खिचडी, तेवढीच."

खिचडी मीच केली होती, चांगलं कूट घालून. दवाखान्यातून आलेल्या फोनवर 'आदल्या दिवशी उपास' एवढंच ऐकलं होतं, आणि आमच्या घरात उपास म्हणजे खिचडी.

निशा हसली नाही. "देवाचा उपास झाला, आतड्याचा राहिला. शेंगदाण्याचे कण आहेत अजून. आत्ता दुर्बीण घातली तर गाठ असली तरी दिसायची नाही."

सासूबाई चपला शोधायला लागल्या. "चल गं, घरला. देवाच्या मनात न्हाय."

मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत उभी. निशा त्यांच्या शेजारी बसली. "घरी गेल्यावर रक्त थांबेल का, आजी?"

सासूबाईंचा चपला शोधणारा पाय थांबला.

"मग दुपारपर्यंत माझ्याकडे राहा."

ती डॉक्टरांना विचारून आली. त्यांनी सासूबाईंचा नंबर सगळ्यात शेवटी ठेवला. मग पुन्हा औषध, पेल्यामागून पेला.

"समुद्र पाजतेस का गं मला?"

"समुद्र कुठला, आमची कोनची खाडी आहे ही. प्या."

मध्ये मध्ये ती त्यांचा हात धरून व्हरांड्यात फिरवायची. दरवेळी संडासात जाऊन बघायची आणि नकारार्थी मान हलवायची. शेवटी सासूबाईंनीच आतून आवाज दिला, "ये गं पोरी, बघ आता!"

"आता झालं," निशा म्हणाली. प्यायलेलं पोटातून उतरेपर्यंत थांबून तिने त्यांना तपासणीच्या खोलीत घेतलं.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, आतड्याच्या वळणावर मटारएवढी गाठ होती, काढली, तपासायला पाठवू. मी हात जोडले.

सासूबाई अजून गुंगीतच होत्या. "मटारएवढी? एवढ्याशासाठी एवढं पाजलंस मला?"

निशा त्यांचा पदर सारखा करत म्हणाली, "एवढीशीच होती, आजी, म्हणूनच."