खडा नाही, एवढंच वाचलं

माझ्या वडिलांच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट मी अर्धाच वाचला होता.

आज अण्णांना जाऊन वर्ष झालं, म्हणून लिहितेय.

अण्णा अहमदपूरच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. रिटायर झाल्यावर कंबर दुखायला लागली. आमच्याकडे कंबर दुखली की पहिली शंका मुतखड्याची! सोनोग्राफी केली. रिपोर्ट मला लातूरला व्हॉट्सॲपवर आला. मी शाळेत शिकवते, मधली सुट्टी होती. खाली ‘खडा नाही’ अशा अर्थाचं वाक्य दिसलं आणि मी आनंदाने फोन लावला.

“अण्णा, खडा नाही! कुणाला दाखवायची पण गरज नाही.”

“हाव का? बरं झालं माय.”

मग काय, मेडिकलवरून दुखीच्या गोळ्या आणायच्या आणि खायच्या. दीड वर्ष.

पुढे पायावर सूज आली. नांदेडला नेलं. परत सोनोग्राफी.

अण्णांना प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायची सवय. पोटावर गार जेल लावलेलं, आणि सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टर मॅडमना म्हणतात, “मॅडम, स्क्रीन जरा इकडं फिरवा की. आवाज तर ऐकू येईना, मग चित्र कसं निघून राहिलं?”

“आवाज आत जातो काका, आपटून परत येतो. त्याचं चित्र होतं.”

“म्हंजे आम्ही टायरवर हातोडी मारून हवा ओळखतो, तसं?”

मॅडम हसल्या. “अगदी तसंच!”

मग त्यांनी दाखवलं. हे लिव्हर, ही किडनी. किडनी लिव्हरपेक्षा जरा काळी दिसायला पाहिजे, तुमची जास्त पांढरी दिसतेय. दोन टोकांना दोन टिंबं ठेवून मोजली. आठ सेंटिमीटरसुद्धा नाही. दहाच्या आसपास पाहिजे.

“पांढरी म्हंजे चांगली न्हाई?”

“नाही काका. आतून निबर झालीय.”

“भेंडी एका दिवसात निबर होत न्हाई, मॅडम. ही कवापासून?”

मॅडमनी जुना रिपोर्ट मागितला. मी मोबाईलमध्ये शोधून दिला.

सगळं लिहिलेलं होतं. दोन्ही किडन्या लहान. पांढरेपणा वाढलेला. खड्याच्या वाक्याच्या वर, चार ओळी.

“दुखीच्या गोळ्यांनी किडनी खराब होते. तेव्हाच त्या टाळून बीपी सांभाळला असता, तर अजून काही वर्षं काढली असती हिनं,” मॅडम म्हणाल्या. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

मग डायलिसिस. आठवड्यातून दोनदा लातूर. तिथंही अण्णांचे प्रश्न चालूच. हे रक्त कुठून जातंय, फिल्टर कधी बदलता, पंप बंद पडला तर? नर्स कंटाळायच्या, पण सांगायच्या.

एक दिवस मशीनशेजारी बसून मी रडले. म्हटलं, “अण्णा, मी वर वाचलंच नाही हो. माझी चूक झाली.”



“वरचं मी वाचलो होतो,” अण्णा म्हणाले.

“काय?”

“‘स्मॉल’ लिहिलं होतं. स्पेअर पार्टच्या डब्यावर जन्मभर वाचलो की तो शब्द. लहान म्हंजे काय, तुला विचारणार होतो.”

“मग विचारलं का नाही?”

“तू लई खुश होतीस फोनवर. जिवावर आलं माझ्या.”

जगातल्या प्रत्येक यंत्राला प्रश्न विचारणारा माणूस. लेकीला तेवढा एक विचारला नाही.

विचारायचं होतं हो, अण्णा. माझा आनंद मोडला असता तरी चाललं असतं.

तुम्हाला नमस्कार.