म्हैसूरला निघालेला ओटा

आमच्या गॅलरीत एक ग्रॅनाइटचा ओटा पडून आहे. त्यावर सध्या तुळशीची कुंडी आहे. येणारी-जाणारी माणसं विचारतात, गॅलरीत ओटा कशाला? मी सांगते, हा टेम्पोत बसून म्हैसूरला निघाला होता, वाटेतूनच परतला.

आमच्या ह्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला, तिथून ही भानगड सुरू झाली. कुठल्याशा देशातलं जोडपं बसएवढ्या गाडीत राहत होतं. आतच पलंग, आतच बाथरूम, आतच स्वयंपाकघर. वाटेल तिथे मुक्काम. बाई खिडकीत बसून कॉफी पीत होती. ती कॉफी कोणी केली हे काही दाखवलं नव्हतं, पण माझी नजर नेमकी तिथेच गेली.

"होळीला लूम बंद राहतील, तेव्हा आपण अशीच गाडी करून म्हैसूरला जायचं," हे म्हणाले.

म्हैसूर ऐकलं आणि मी विरघळले. हे सुरतेजवळ कडोदऱ्याच्या एका कारखान्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, मास्तर आहेत आणि मी इथे उधन्यात घरी साड्यांवर खडे चिकटवते. त्यातल्या कितीतरी साड्यांवर 'म्हैसूर सिल्क' अशी चिठ्ठी असते. कडोदऱ्यात विणलेलं, उधन्यात खडे लागलेलं, रेशीम औषधालाही नसलेलं म्हैसूर! मला एकदा खरं म्हैसूर बघायचं होतं. तो राजवाडा, त्याची रोषणाई, तो फुलांचा बाजार. आणि खोटं कशाला बोलू, राजवाड्याहून जास्त मला तिथलं एक हॉटेल हवं होतं. मी नुसतं बसावं, कुणीतरी समोर डोसा आणून ठेवावा आणि विचारावं, आणखी काय देऊ? लग्न झाल्यापासून सुरतेबाहेर पडले ती गावी, खानदेशात. तिथे जाऊन मी फक्त चूल बदलते.

तसली गाडी आणायची कुठून? मग धाकट्या दिरांचा टेम्पो धरला. कडोदऱ्याहून साड्यांची पार्सलं मार्केटला नेतो तोच. दोघे भाऊ दर रविवारी त्याच्यामागे लागले. मला वाटलं, आधी झोपायची सोय बघतील. छे! सगळ्यात आधी काय बसलं, तर ओटा. खाली सिलिंडरला साखळी, वर मसाल्याचे डबे पडू नयेत म्हणून फळीला कठडा. बाथरूमचं विचारलं तर म्हणे, "पेट्रोल पंप असतात की!"

"वहिनी, उभं राहून बघा तरी. खास तुमच्या उंचीचा केलाय," भावजी कौतुकानं म्हणाले.

ब्लाऊज सोडला तर माझ्या मापानं केलेली ही पहिलीच वस्तू. धन्य झाले मी.

शेजारच्या गुजराती भाभी गाडी बघायला आल्या. त्यांच्यात मोठ्या सहलीला निघताना स्वयंपाकाला महाराज बरोबर घेतात. त्यांनी विचारलं, "रसोइयो कोण?" ह्यांनी हसत माझ्याकडे बोट दाखवलं, "अमारो तो घरनो ज छे." भाभी हसल्या. मीही हसले. अशा वेळी हसायचंच असतं, नाहीतर बाई तिरसट ठरते.

सासूबाईंचं निराळंच. नवी गाडी म्हणजे आधी गावच्या देवीला नारळ, ही आमच्याकडची रीत. टेम्पो जुनापुराणा, पण ओटा नवा ना! "आधी गावले चला, मंग कथा बी जा." आधी गाव, मग कुठेही, असं म्हणून त्यांनी विषय संपवला. म्हैसूर खाली दक्षिणेला, आमचं गाव पार पूर्वेला. पण हे म्हणाले, "वाटेतच पडतं." गाडी गावी जातेय म्हटल्यावर गल्लीतल्या खानदेशी बायका लोणच्याच्या बरण्या घेऊन हजर. जातेच आहे गाडी, तर एवढं माझ्या बहिणीकडे द्या. म्हैसूरचं नाव आता मी सोडून कुणाच्या तोंडी नव्हतं.

निघण्याआधी एक चाचणी करायची ठरली. जवळच, चलथाणच्या पुढे उसाच्या शेताकडेला गाडी लावायची आणि भरीत-भाकरी करायची. करायची म्हणजे कोणी, हे वेगळं सांगायला नकोच. हिरवी वांगी, कळण्याचं पीठ, मिरच्या, सगळं घर गाडीत चढलं.

गाडी थांबली. भावांनी उतरून मोकळ्या हवेत हातपाय ताणले, सासूबाई सावलीत टेकल्या आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. मीही उतरले. प्लास्टिकची खुर्ची ओढली, उसाकडे तोंड केलं आणि बसले.

"अगं, चहा?" हे म्हणाले.

"हो, घेईन की. साखर कमी."

आधी त्यांना गंमत वाटली. मग कळलं की मी उठत नाही. ह्यांना नाकासमोरचा चहापत्तीचा डबा दिसेना. भावजींनी वांगी टोचे न मारताच जाळावर ठेवली. एक फटकन फुटलं आणि त्यांच्या शर्टावर जाऊन बसलं. मी ऊस बघत होते. फार सुंदर ऊस होता.

शेवटी भुकेनं कावून सगळे हायवेवरच्या हॉटेलात शिरलो. माझ्यासमोर डोसा आला. मी तो एकदाही न उठता, गरम असताना संपवला. वेटर माझ्याकडे वळून म्हणाला, "और क्या दूँ, आंटी?"

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो प्रश्न चलथाणला भेटला आणि मी मेनूकार्ड पुढे ओढलं. तेवढ्यात हे म्हणाले, "इनको कुछ नहीं चाहिए. ये बाहर का खाती ही नहीं."

मी बाहेरचं खात नाही, ही बातमी मला तेव्हा कळली. ह्यांच्या बोलण्यात खोटेपणा नव्हता, त्यांना खरंच तसं वाटत होतं. मला इतका राग आला की डोळे भरून आले.

"मला हवंय," मी म्हणाले. जरा जोरातच निघालं, बाजूच्या टेबलावरची माणसं वळली.

हे गडबडले. भावजी ताटात बघू लागले. आता सासूबाई काय बोलतात म्हणून मी मान वर केली. त्यांनी आपली रिकामी ताटली बोटानं हळूच पुढे सरकवली.

"माले बी," त्या म्हणाल्या.

मी वेटरला परत बोलावलं. "दो मसाला डोसा," मी म्हणाले, "और फिर आके पूछना."