वाडीचं एक तोंड

धाकटा भाऊ खुनाच्या आरोपातून सुटून घरी आला तेव्हा वाडीने हार आणला होता. त्याने तो गळ्यात घालू दिला नाही. "त्यांनी एकदा म्हणायला हवं, ताई," एवढंच मला म्हणाला. त्यांनी म्हणजे त्याच्यावर खटला चालवणाऱ्या सरकारी वकिलांनी. आणि म्हणायचं काय, तर चूक झाली. कारण गावात बोलणी सुरूच होती. सुटला म्हणजे काय, वरच्या कोर्टात मोठा वकील मिळाला म्हणून सुटला. ज्यांनी त्याला खुनी म्हटलं त्यांच्याच तोंडून ही बोलणी फिरली तर फिरतील, असं त्याला वाटायचं. तेव्हा मलाही वाटत होतं.

पावस गावाच्या अलीकडे एका आंब्याच्या बागेत तो राखणीला होता. बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, शेजारच्या बागेच्या राखणदाराला कुणीतरी डोक्यात घाव घालून मारलं. पाण्याच्या पाईपवरून त्या दोघांची बाचाबाची झाली होती, तेवढं पोलिसांना पुरलं. खरा मारेकरी कोण ते आजही कुणाला ठाऊक नाही आणि आता कुणी शोधतही नाही. भाऊ मात्र त्या संध्याकाळी आमच्या वाडीतल्या विहारासमोर खिरीचा टोप ढवळत होता. अख्ख्या वाडीने त्याला पाहिलं.

इथे आमच्या वाडीची एक रीत सांगायला हवी. काही संकट आलं की आमच्याकडे सभा बसते. मुंबईतल्या मंडळाची माणसं फोनवर येतात, वाद होतात, रुसवेफुगवे होतात, पण एकदा ठरलं की पुढे वाडीचं एक तोंड. पाण्याच्या टाकीसाठी आणि स्मशानाच्या वाटेसाठी आम्ही असेच भांडलो आणि जिंकलो. "धा तोंडा झाली की सरकारी माणूस फट बगतो," असं आमचे चुलते म्हणत. ते वाडीच्या मंडळाचे अध्यक्ष. साक्षीचंही त्यांनी तसंच ठरवलं. दिवेलागणीपासून जेवणं होईपर्यंत तो टोपाजवळून हलला नाही, बस्स. कुणी जास्त बोलायचं नाही.

आणि कोर्टात आमची माणसं एकामागून एक उभी राहून तेच वाक्य बोलली. वाक्य शंभर टक्के खरं होतं. मी मागच्या बाकावर बसले होते. चौथ्या साक्षीदाराला सरकारी वकिलांनी हसत विचारलं, "शाळेत पाठ करून घेतात तशी घेतली का हो?" सगळे हसले. मी शिक्षिका आहे, पाठ केलेलं खरंही असू शकतं हे मला रोज दिसतं. पण मला कोण विचारतंय! भावाला जन्मठेप झाली.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी रत्नागिरीच्या बाजारात मासळी घेत होते. पूर्वी आमच्या वाडीत मासे घेऊन येणारी बाई तिथे बसली होती. मला ओळखून म्हणाली, "काय गो, भाव सुटला ना तुजा? मी पोलिसांना सांगितला होता. त्या दिवशी सांजचा पाटी रिकामी करून तुमच्या विहारापाशी रिक्षाची वाट बगत होते, तर त्यान मला खीर दिल्यान."

बिचारी समजत होती, आपण सांगितलं म्हणजे तो सुटला असेल. पुढे कागद काढले तेव्हा कळलं, पोलिसांनी तिचा जबाब घेतला होता आणि तो सरकारी वकिलांपर्यंत गेलाही होता. आमच्या वकिलाला तो द्यायचा असतो, तो दिला नाही. तिचं म्हणणं ठाऊक असूनच हे गृहस्थ आमच्या माणसांना हसत होते. त्या संध्याकाळी वाडीतल्या सगळ्यांनीही तिला पाहिलं होतं, पण जास्त बोलायचं नाही असं ठरलेलं होतं.

वरच्या कोर्टाने तिला बोलावलं, ऐकलं आणि भावाला सोडलं. सरकारी पक्षाने साक्ष दडवली, असंही निकालात म्हटलं. कुणी दडवली आणि त्याचं पुढे काय, यावर एक अक्षर नाही. माझी जीभ तिखट आहे असं सासर-माहेर दोन्हीकडचं मत आहे. ती घेऊन मी सगळीकडे फिरले. एका कचेरीत उत्तर मिळालं, "ते आता सरकारी वकील नाहीत, मग चौकशी कुणाची करणार?" आमचा वकील म्हणाला, "बाई, पोलिसावर खटला झालेला पाहिलाय, डॉक्टरवर पाहिलाय. सरकारी वकिलावर झालेला मी तरी पाहिला नाही." आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, दुसरं काय.

शेवटी मी भावाला घेऊन रत्नागिरीला त्या माजी सरकारी वकिलांच्या घरीच गेले. चिऱ्याचं कुंपण, अंगणात आंब्याची दोन कलमं. त्यांनी सौजन्याने बसायला सांगितलं. भाऊ बसेना. तुरुंगात साहेबासमोर बसत नाहीत, ती सवय. मी सगळं सांगितल्यावर ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "कुठला खटला म्हणालात?"

त्यांना आठवत नव्हतं. ढोंग असतं तर मला बरं वाटलं असतं.

मासळीवालीचं सांगितल्यावर थोडं आठवलं असावं. म्हणाले, "पण तुमच्या एकाही माणसाने तिचं नाव घेतलं नाही. मग मला एकट्याला कसं विचारता?" भाऊ म्हणाला, "जी साहेब." निघताना त्यांनी पिशवीत आंबे घालून दिले आणि त्याने ते घेतले. रस्त्याला लागल्यावर ती पिशवी हिसकावून गटारात टाकली मी.

घरी चुलते पडवीत वाट बघत बसले होते. "काय म्हणाला रे?" त्यांनी विचारलं. भावाने जसंच्या तसं सांगितलं, आपल्यातल्या कुणी तिचं नाव घेतलं नाही म्हणाले. चुलते काठी टेकत उठले आणि पुतण्यासमोर हात जोडून म्हणाले, "माजा चुकला रे. माफ कर मला." मी ओरडले, "काका, तुम्ही नाही! तुम्ही खरं सांगितलंत!" पण ते रडत होते, आणि भाऊ खाली मान घालून "जी" म्हणाला.

आता भाऊ दारावरून जाताना दिसला की चुलते काठी टेकत उठतात, हात जोडतात आणि तेच वाक्य पुन्हा म्हणतात. ज्या वाक्यासाठी आम्ही रत्नागिरीला गेलो होतो, तेच. ते ऐकावं लागू नये म्हणून माझा भाऊ हल्ली मागच्या दगडी पायऱ्यांच्या पाखाडीने जातो.