आई घरीच असते

आईच्या दहाव्याचा कावळा मी रियाधमध्ये बसून मोबाईलवर पाहिला. इकडे अल मलाझच्या फ्लॅटमध्ये मुलांचे डबे भरून झाले होते आणि तिकडे नदीकाठी मावसबहीण फोन धरून उभी होती. मी गेले नव्हते. आईला अग्नी देऊन झाल्यावर दादानं मला कळवलं. थांबला का नाहीस म्हटलं, तर म्हणाला, तुझ्या व्हिसाचं काही खरं नसतं. नवऱ्यानं मोबाईलवरून अर्ज केला की सौदीबाहेर जाऊन परत यायचा माझा व्हिसा निघतो, मुंबईचं विमानही रोज असतं. पण दादानं विचारलंसुद्धा नाही. आईचं तोंड दिसणार नाही, तर याचं बघायला कशाला जायचं, म्हणून मी राहिले.

वडील लवकर गेले. तेव्हापासून शेत आईनं केलं. पाभरीमागं चालत, चाड्यावर मूठ धरून ती बी सोडायची, ते इतकं सारखं पडायचं की लोक आपल्या पेरणीलाही तिलाच बोलवायचे. पाणी तीच पाजायची, बाजारात वांगी घेऊन तीच बसायची. दादाचं तालुक्याला खताचं दुकान. तो रानात यायचा ते बांधावर मोटारसायकल लावून फोटो काढायला. त्या फोटोंवर गावानं त्याला आदर्श शेतकरी म्हणून फेटा बांधला. तिथं कुणीतरी आईबद्दल विचारलं, तर हा माईकवर म्हणाला, आई घरीच असते. आई पुढच्याच रांगेत बसली होती.

मला फोनवर तिनं एवढंच सांगितलं, "घरीच आसती, म्हनला." मग मुलांच्या शाळेचं विचारायला लागली. तिनं सोडून दिलं असेल. मी नाही सोडलं. रियाधच्या एसीत राग चांगला टिकतो.

ती गेली तीही रानातच. भुईमूग उपटताना खाली बसली, ती उठलीच नाही.

दहाव्याला पिंड ठेवला, पण कावळे बाभळीवरून खाली येईनात. काही इच्छा राहिली असेल तर बोला, असं गुरुजी म्हणाले. दादा हात जोडून सुटलाच. गावजेवण घालीन, शाळेला पंखे देईन, बहिणीचं माहेर तुटू देणार नाही. कावळे ढिम्म. ऊन चढलं, लोक चुळबुळायला लागले. मी मावसबहिणीला म्हटलं, स्पीकर लाव आणि फोन त्याच्यासमोर धर.

"दादा, म्हण. शेत आईनं केलं, मी नाही."

इकडे खाली शाळेची बस आली होती. "मम्मा, बस आ गई," मुलगी म्हणाली. मी तिला हातानंच जा म्हटलं.

"सगळे तुझ्यासाठी खोळंबलेत," मी म्हटलं.

दादा खाली बघून पुटपुटला. शेत आईनं केलं, मी नाही. जवळच्या दोघाचौघांनाच ते ऐकू गेलं असेल. कावळा शब्दानं आला की भुकेनं, मला ठाऊक नाही, पण आला आणि पिंडाला चोच मारून गेला. सगळ्यांनी हात जोडले. सुटली बिचारी, असं कुणीतरी म्हणालं. माणसं धोतरं झटकत उठली आणि मावसबहीण फोन बंद करायला लागली.

"बंद करू नकोस," मी म्हटलं. "दादा, मागच्यांना ऐकू आलं नाही. परत म्हण, मोठ्यानं."

उठलेली माणसं तिथंच थांबली. आईचं समाधान झालं होतं. माझं व्हायचं होतं.