एवढी ओव्हर होऊ दे

त्या रविवारी दुपारी परदेशातल्या फेल्डहोवन गावी आमच्या घरात पाच जण होतो. माझा मुलगा महेश, त्याचे मित्र सलील आणि देशमुख, वर कपडे आवरत असलेली सून अनघा, आणि मी. महेशला जाऊन आता सात आठवडे झाले. मी चौथी शिकलेली. मी बोलतेय, अनघा लिहून घेतेय.

महेश चार वर्षांचा असताना त्याचे वडील गेले. पुण्यात खाणावळीत पोळ्या लाटून मी त्याला इंजिनिअर केलं. पोर उपाशी राहू नये, एवढंच मला कळायचं... इथे आल्यावरही ताटात एक पोळी जास्तच पडायची. त्याचं पोट सुटलं. डॉक्टरबाईंनी दोनदा सांगितलं, वजन उतरवा. तो हो हो म्हणायचा नि घरी येऊन मॅच लावून बसायचा.

मग इथल्या फुटबॉल क्लबाने पोट सुटलेल्या पुरुषांसाठी वर्ग काढला. खेळाडू पळतात त्याच मैदानावर पळायचं, शेवटी वजन करायचं. डॉक्टरचं न ऐकणारा माझा मुलगा तिथे मात्र पावसातही सायकल मारत गेला. पट्टा दोन भोकं आत आला. मला म्हणाला, "आई, पुरुषांना औषध मॅचमध्ये घालूनच द्यावं लागतं."

तेच त्याने क्रिकेटवाल्यांना लावलं. आमच्याकडे मॅच बघायची तर सायकलने यायचं, भज्यांऐवजी काकडी खायची, आणि विकेट पडली की सगळ्यांनी दहा उठाबशा. एकदा आपले पटापट आउट झाले तेव्हा देशमुख धापा टाकत म्हणाले, "काकू, तो बोलर माझ्या गुडघ्यांवरच उठलाय!"

त्या दिवशी मात्र विकेटच पडेना. आपली जोडी जमली होती. अशा वेळी कुणी जागा सोडायची नाही, हा यांचा जुना नेम. कुणी हललं की आउट होतो म्हणे. महेश छाती चोळत उठला. सलील ओरडला, "मह्या, बस खाली! तू उठलास की विकेट जातेच." मला वाटलं, पित्त असेल. मीही म्हणाले, "बस रे, एवढी ओव्हर होऊ दे. आल्याचा रस देते." तो बसला. माझं ऐकून बसला... ती ओव्हर झाली, पुढचीही झाली. कपाळावर घाम होता, तरी "बरंय आता" म्हणाला. अनघा खाली आली, तिने एकदाच त्याच्याकडे बघितलं आणि फोन केला. अँब्युलन्स लवकर आली. तोवर त्याचा हात माझ्या हातात गार पडला होता.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाल्या, आधी कळवलं असतं तर... पुढचं अनघाने मला मराठीत सांगितलं नाही.

सलील महिनाभर फिरकला नाही. मीच फोन केला. "काकू, मी त्याला..." एवढंच बोलला. मी म्हटलं, "दोघांनी बसवलं. आता ये, आणि बाकीच्यांना उठव." आता मॅच असो नसो, रविवारी सगळे येतात, चालायला जातात. महेशचे मैदानावरचे बूट दाराशी आहेत. त्यांचा चिखल मी धुतलेला नाही. येणारा प्रत्येक जण आपले बूट त्यांच्या शेजारी काढतो.

वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं. मॅच रंगात आलेली असताना कुणी छातीवर हात ठेवून उठला, तर त्याला बसवू नका. फोन करा. विकेट गेली तर जाऊ द्या.