वरचा की आतला

चहा गार करूनच प्यायच्या. सूक्ष्मदर्शकात बघताना डावी चप्पल काढून ठेवायच्या. फोन उचलला की 'हॅलो' नाही, 'बोला'. आणि ऑपरेशन चालू असताना तुकडा तपासायला आला, की आधी विचारायच्या, "वरचा की आतला?"

हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजीत सगळे त्यांना बाईच म्हणत. डोळ्याच्या नसेवरची गाठ दुर्मिळ. वर्षातून दोनदा, फार तर तीनदा. भूल दिलेला पेशंट टेबलावर, आणि तांदळाच्या कणीएवढा तुकडा बाईंच्या हातात. दोन काचांमध्ये तो दाबायचा, पसरायचा, रंगवायचा. दहा मिनिटांत पेशी बघून सांगायचं. त्यावर नस कापायची की राखायची, ते ठरे.

"बाई, आटपा! सगळे ताटकळलेत," सर्जन फोनवर ओरडत.

"घाई असेल तर छापा-काटा करा. वरचा की आतला?"

"आतला, माझे आई, आतला!"

अठरा वर्षांपूर्वी हा प्रश्न त्यांनी विचारला नव्हता. सात वर्षांची मुलगी. एका डोळ्याच्या नसेवर गाठ, पण त्या डोळ्याने अजून दिसत होतं. तुकड्यात नसेच्या आवरणाच्या पेशी, भोवऱ्यासारख्या गोल गोल. बाई म्हणाल्या, "आवरणाची गाठ. पसरेल." नस कापली गेली.

आठवड्याने पूर्ण तपासणी झाली. गाठ आतली निघाली, संथ. नुसतं लक्ष ठेवून भागलं असतं. त्या गाठीमुळे वरचं आवरण उगाच वाढलं होतं, आणि तुकडा नेमका तिथलाच होता. दुसरा, आतला तुकडा मागवायला हवा होता.

रिपोर्टात गाठीचं खरं नाव लिहिलं. नस वाचली असती, हे मात्र घरच्यांना कुणी सांगितलं नाही. बाईही मूग गिळून बसल्या. ते मूग त्यांना कधी पचले नाहीत.

मागच्या महिन्यात ती मुलगी आली. पंचविशीची.

"मला माझी गाठ बघायचीय. सूक्ष्मदर्शकाला एक डोळा पुरतो ना?" ती हसली.

बाई हसल्या नाहीत. "मंगळवारी ये. दाखवते. आणि तुला एक सांगायचंय, बाळा. फार आधी सांगायला हवं होतं."

सोमवारी दुपारी त्यांनी तिच्या गाठीची जुनी काच शोधून सूक्ष्मदर्शकाला लावली. दुसरं स्टूल शेजारी ओढलं. मंगळवारी सकाळी, घरून निघता निघता, त्यांचं हृदय थांबलं.

मुलगी ठरल्या वेळी आली. प्रयोगशाळेतल्या मदतनिसाने कसंबसं सांगितलं.  ती स्टुलावर बसली, डोळा लावला.

गुलाबी वर्तुळं. सुंदर होती. त्यांत काय चुकलं होतं, ते सांगणारं शेजारी कुणी नव्हतं.